आधी ओली थंडी, मग माती: प्रेअरीचं केशरी मिल्कवीड घरच्या बागेत

शिकागोच्या आसपासच्या उपनगरांत मराठी घरांच्या मागच्या अंगणात उन्हाळ्यात काय दिसणार, हे साधारण ठरलेलं असतं. टोमॅटो, मिरच्या, मेथीचा वाफा, कुंडीतला अळू आणि कुंपणावर चढवलेला दुधी. मेथी टाकली की चार दिवसांत वर येते. त्याच सवयीने कुणी बटरफ्लाय मिल्कवीड या केशरी रानफुलाच्या बियांचं पाकीट आणलं, एप्रिलमध्ये कुंडीत बी टोचलं आणि नेमाने पाणी घातलं, तर महिन्याभराने कुंडीत बहुतेक वेळा नुसती माती असते. बी खराब नसतं. त्याला अजून हिवाळाच मिळालेला नसतो.

या झाडाच्या अशा बऱ्याच अटी आहेत. खत नको, पाणी बेताने, एकदा लावलं की हलवायचं नाही, पहिल्या वर्षी फुलांची आशा धरायची नाही. पाकिटावर या अटी छापलेल्या असतात, त्यांच्यामागचं कारण मात्र छापलेलं नसतं. ते कारण एकदा कळलं की पाकीट वाचायचीही गरज उरत नाही, कारण प्रत्येक अटीचं मूळ एकाच ठिकाणी आहे: हे झाड जिथे घडलं त्या प्रेअरीत.

आधी ओळख. शास्त्रीय नाव ॲस्क्लेपियस ट्यूबरोसा. उत्तर अमेरिकेच्या पूर्व आणि मध्य भागातली ही बहुवर्षायू वनस्पती; उंची फूट-दोन फूट, पानं अरुंद, आणि जूनच्या अखेरीपासून जुलैभर झगझगीत केशरी फुलांचे गुच्छ. आपल्या रुईच्याच कुळातली, पण गंमत अशी की नावात दूध असलं तरी हिचा चीक रुईसारखा पांढरा नसतो, पाण्यासारखा असतो. २०१७ साली अमेरिकेच्या पेरेनियल प्लांट असोसिएशनने हिला त्या वर्षीची वनस्पती म्हणून निवडलं होतं.

प्रेअरी म्हणजे गवताळ मैदान, एवढं आपण शाळेच्या भूगोलात वाचलेलं असतं. त्यात एक गोष्ट राहून जाते. प्रेअरीचा मोठा हिस्सा जमिनीखाली असतो. वर उन्हाळ्यात कोरडा वारा, हिवाळ्यात उणे वीस-पंचवीस तापमान, अधूनमधून वणवे (त्यातले बरेच इथल्या मूळ रहिवाशांनी मुद्दाम लावलेले), आणि चरत फिरणारे बायसनचे कळप. वरचं सगळं जळलं, गोठलं किंवा खाल्लं गेलं तरी खालून पुन्हा फुटता आलं पाहिजे. म्हणून इथल्या वनस्पती कमाईतला मोठा वाटा मुळांत ठेवतात. हजारो वर्षं ही मुळं कुजून इलिनॉयची, म्हणजे शिकागो ज्या राज्यात आहे तिथली, ती प्रसिद्ध काळी माती तयार झाली. ती इतकी चिकट की जुन्या नांगरांना लडबडून बसायची, दर थोड्या अंतरावर थांबून खरवडावी लागायची. १८३७ मध्ये ग्रँड डिटूर या गावात जॉन डिअर नावाच्या लोहाराने गुळगुळीत पोलादी फाळाचा नांगर बनवला, माती त्याला चिकटेना, आणि प्रेअरीचे दिवस भरले. इलिनॉयमध्ये सुमारे २ कोटी २० लाख एकर प्रेअरी होती. आज तिच्यातली मूळ अवस्थेत उरलेली जमीन एक टक्क्याच्या दहाव्या हिश्शाइतकीही नाही. बाकी मका आणि सोयाबीन. राज्याला मात्र अजून ‘प्रेअरी स्टेट’च म्हणतात.

आता बी. मिल्कवीडची शेंग पिकते सप्टेंबर-ऑक्टोबरात. तेव्हा चार दिवस ऊन पडलं म्हणून बी उगवलं, तर दोन पानांचं रोप नोव्हेंबरात मरणार हे नक्की. म्हणून बीच्या आत एक कडी लावलेली असते. गर्भाची वाढ रोखून धरणारी संप्रेरकं ओल्या थंडीत हळूहळू कमी होतात आणि उगवणीला चालना देणारी वाढतात. काही आठवडे अशी थंडी मिळाली की बीच्या हिशेबाने हिवाळा सरला. यात ‘ओल्या’ हा शब्द महत्त्वाचा. कोरडं पाकीट फ्रीजच्या दारात वर्षभर ठेवलं तरी उपयोग नाही. पाणी पिऊन फुगलेल्या बीलाच थंडी कळते. नर्सरीवाले याला कोल्ड स्ट्रॅटिफिकेशन म्हणतात आणि या जातीला साधारण ३० दिवस सांगतात.

फ्रीजमध्ये करायचं तर मूठभर वाळू ओली करा, हातात दाबली की पाणी गळणार नाही इतपतच. त्यात बी मिसळून झिपच्या पिशवीत भरा, वर तारीख लिहा आणि भाज्यांच्या कप्प्यात ठेवा. फ्रीझरमध्ये नाही. आठवड्याने एकदा उघडून बुरशी नाही ना ते बघा. महिन्याने काढून खोल कुंडीत पेरा, वर जेमतेम पाव इंच माती, आणि कुंडी उबेत ठेवा. वीस-बावीस अंशांच्या पुढे तापमान असलं की दोन-तीन आठवड्यांत कोंब दिसू लागतात.

मला दुसरी रीत जास्त आवडते, कारण तिच्यात आपल्याला जवळजवळ काहीच करावं लागत नाही. घरी दही लावणाऱ्यांकडे दुधाच्या गॅलनच्या कॅनची कमी नसते. रिकामा कॅन धुवायचा, तापवलेल्या सळईने तळाला सात-आठ भोकं पाडायची, मग मधोमध गोल कापायचा, पण मुठीच्या बाजूला दोन बोटं तसंच जोडलेलं ठेवायचं म्हणजे झाकण उघडझाप करता येतं. आत चार इंच कुंडीची माती, वर बी, वर मातीचा हलका थर, पाणी. झाकण लावून चिकटपट्टी फिरवायची आणि बूच काढून टाकायचं, म्हणजे पाऊस-बर्फ आत जातो आणि उन्हाची वाफ बाहेर. डिसेंबर ते फेब्रुवारीत कधीही हे करून कॅन अंगणात ठेवून द्या, बर्फात गाडला गेला तरी चालेल. ३० जानेवारी २०१९ ला शिकागोत पारा उणे ३०.६ सेल्सिअसवर उतरला होता. माणसं घरात कोंडली गेली, पण या बीला असली थंडी परकी नाही. एप्रिल-मेमध्ये आत हिरवं दिसलं की झाकण उघडायचं. नावाची चिठ्ठी मात्र आत खोचा. कॅनवर बाहेरून मार्करने लिहिलेलं वसंतापर्यंत उन्हाने पुसून जातं आणि मग मिल्कवीड कुठलं आणि कोनफ्लॉवर कुठलं, हे ओळखत बसावं लागतं.

रोप वीतभरही नसतं तेव्हापासून त्याची मुळी सरळ खाली उतरत असते. गाजरासारखी जाड, एकच मुख्य मुळी, नावातलं ‘ट्यूबरोसा’ तिच्यावरूनच. म्हणून रोपं उथळ ट्रेमध्ये वाढवू नयेत आणि पानांच्या दोन-तीन जोड्या आल्या की लगेच कायमच्या जागी लावावीत. दोन-तीन वर्षांचं झाड खणून दुसरीकडे नेलं तर मुळी तुटते आणि बहुतेक वेळा झाड जातं. याच कारणाने रस्त्याकडेच्या किंवा राखीव प्रेअरीतून झाड उपटून आणण्यात काही हाशील नाही. त्यात ते बेकायदाही असतं.

जागा कुठली? दिवसभर ऊन, आणि पाणी साचणार नाही अशी जमीन. या दोनपैकी दुसरी अट उपनगरांत अवघड जाते. घरं बांधताना वरची काळी माती बिल्डर बहुधा काढून नेतो आणि खाली उरते चिकणमाती. कोरड्या उन्हाळ्यात हे झाड मजेत राहतं, पण मार्चमध्ये बर्फ वितळल्यावर चिखलात उभं राहिलं की बुडखा कुजतो. अंगणाला थोडा उतार असेल तर वरची बाजू निवडा. फुटपाथ आणि रस्ता यांच्यामधली तापणारी पट्टीही हिला चालते. सपाट चिकणमाती असेल तर वाळू-खडी मिसळून सहा-आठ इंच उंच वाफा करा. आणि अंगणात पाणी साचतच असेल तर हट्ट सोडून द्या व हिची बहीण, गुलाबी फुलांचं स्वॅम्प मिल्कवीड लावा. तिला ओल आवडते. हा सल्ला नर्सरीत सहसा कुणी देत नाही, कारण कुंडीत फुललेलं केशरी झाड बघून गिऱ्हाईक हरखलेलं असतं.

खताच्या बाबतीत आपला हात आवरावा लागतो. गुलाबाला शेणखत, जास्वंदीला शेणखत, तर हिला का नाही? कारण सुपीक मातीत हिचे दांडे उंच, लुसलुशीत होतात आणि पहिल्या वादळी पावसात आडवे पडतात. प्रेअरीत गवताच्या मुळांशी झगडून जेवढं मिळेल तेवढ्यावर ही वाढलेली. पहिल्या उन्हाळ्यात मूळ धरेपर्यंत आठवड्याला एकदा पाणी द्या. पुढे दुष्काळ पडला तरच. पहिल्या हिवाळ्यात पालापाचोळ्याचा हलका थर पसरा, कारण माती गोठते-वितळते तेव्हा लहान रोपं वर उचकटली जातात. बुडख्याला चिकटून ओला मल्च मात्र नको.

यापुढचा भाग वाट बघण्याचा. पहिल्या वर्षी वीतभर काडी. दुसऱ्या वर्षी एखाद-दुसरा गुच्छ आला तर नशीब. तिसऱ्या वर्षापासून झाड भरतं आणि मग वर्षानुवर्षं तिथेच राहतं. त्यात आणखी एक खोड: वसंतात ही सगळ्यात उशिरा उठते. ट्यूलिप फुलून गेले, शेजाऱ्यांच्या हॉस्टा हातभर झाल्या, तरी मेच्या मध्यापर्यंत हिच्या जागी काही दिसत नाही. मेलं समजून तिथे दुसरं काही लावायला जाणारे आणि खुरप्याने मुळीच कापणारे पुष्कळ. शरद ऋतूत दांडे कापू नका. वाळलेले दांडे हीच जागेची खूण. ते मेमध्ये कापा.

फूल हातात भिंग घेऊन बघण्यासारखं आहे. पाच पाकळ्या खाली दुमडलेल्या, त्यांच्यावर पाच उभे पेले, पेल्यांत मध. पण पराग कुठेही भुकटीसारखा सुटा दिसत नाही. तो मेणासारख्या चपट्या पुड्यांत भरलेला असतो आणि दोन-दोन पुड्या एका बारीक काळ्या चापाला कावडीसारख्या लटकलेल्या असतात. मध पिताना माशीचा किंवा फुलपाखराचा पाय दोन पेल्यांमधल्या फटीत घसरतो, बाहेर ओढताना चापात अडकतो, आणि अख्खी कावड पायाला लागून येते. दुसऱ्या फुलावर तोच पाय पुन्हा तशाच फटीत गेला आणि पुडी आत बसली, तर शेंग धरते. नेम इतका अवघड की गुच्छात डझनावारी फुलं असूनही शेंगा एक-दोनच लागतात. लहानसहान कीटकांना पाय सोडवता येत नाही, ते तिथेच मरतात. रुईच्या फुलातही हीच रचना आहे. गावी गेलात तर रुईवर बसलेला काळा भुंगा उडताना त्याचे पाय बघा. आणखी एक कामाची गोष्ट: या झाडाला स्वतःच्याच परागाने बी धरत नाही. शेंगा हव्या असतील तर बीपासून वाढवलेली किमान दोन-तीन झाडं जवळजवळ हवीत.

मोनार्क फुलपाखरासाठी मिल्कवीड लावा, हे अमेरिकेत आता सगळेच सांगतात. खरंच आहे. मोनार्कची अळी मिल्कवीडखेरीज काही खात नाही. झाडातली हृदयावर परिणाम करणारी विषं ती अंगात साठवते आणि त्यामुळे अळी आणि फुलपाखरू दोन्ही पक्ष्यांना बेचव होतात. आपल्याकडचं प्लेन टायगर हे मोनार्कच्या प्रजातीतलंच भावंड. तेही रुईवर अंडी घालून हेच करतं. उन्हाळ्याच्या शेवटी जन्मलेली मोनार्कची पिढी इलिनॉयहून मेक्सिकोतल्या मिचोआकान राज्यातल्या ओयामेल फर या सूचिपर्णी झाडांच्या डोंगरांपर्यंत उडत जाते. ती नेमकी कुठे जातात हे शास्त्रज्ञांना १९७५ मध्ये समजलं. फुलपाखरांनी तिथे किती जंगल व्यापलंय यावरून दरवर्षी अंदाज बांधतात: १९९६-९७ च्या हिवाळ्यात सुमारे १८ हेक्टर, २०२३-२४ मध्ये ०.९. मक्या-सोयाबीनच्या शेतांतून तणनाशकांनी मिल्कवीड नाहीसं होणं हे त्यामागचं एक मोठं कारण मानतात.

पण केशरी मिल्कवीड लावलं म्हणजे मोनार्कचं घर झालं, असं नाही. या जातीत ती विषं कमी असतात, आणि अंडी घालायला मादी बहुतेक वेळा कॉमन मिल्कवीड किंवा स्वॅम्प मिल्कवीड पसंत करते. केशरी झाडाची खरी कामगिरी मधाची. त्यावर मोनार्कसह असंख्य फुलपाखरं आणि मधमाश्या येतात. अळ्या हव्या असतील तर एका कोपऱ्यात स्वॅम्पचीही दोन रोपं लावा. कॉमन मिल्कवीड जमिनीखालून पसरत जाऊन शेजाऱ्याच्या हिरवळीत उगवतं, तेव्हा ते जपून.

नर्सरीत आणखी एक ओळखीचा चेहरा भेटेल: लाल-पिवळ्या फुलांचं ट्रॉपिकल मिल्कवीड, म्हणजे आपल्याकडे ओढ्याकाठी, बांधावर दिसणारं हळदीकुंकू. ते मूळचं उष्ण अमेरिकेतलं, प्रेअरीचं नव्हे. बघून गावाची आठवण येते, घ्यावंसं वाटतं. शिकागोत ते पहिल्या कडक थंडीत मरतं, तेव्हा फारसं बिघडत नाही. पण टेक्सास-फ्लोरिडाच्या किनाऱ्यावर राहत असाल तर लावू नका. तिथे ते हिवाळाभर हिरवं राहतं, मोनार्कवरच्या एका परजीवीचे बीजाणू त्याच्या पानांवर साठत जातात, आणि काही फुलपाखरं पुढे जायचं सोडून तिथेच पिल्लावळ वाढवत बसतात.

जुलैत कोवळ्या शेंड्यांवर पिवळाधमक मावा दिसेल. कण्हेरीवर आणि रुईवर येतो तोच. हात लगेच फवारणीकडे जातो; तो आवरा. माव्याला मारणारं औषध अळीलाही मारतं, साबणाचं पाणीसुद्धा. नळीने पाण्याचा जोराचा फवारा द्या, त्याआधी पानांखाली अंडी नाहीत ना ते बघा, आणि बाकीचं ढालकिड्यांवर सोडा. रोप विकत घेताना ‘यावर निओनिकोटिनॉइड मारलंय का?’ असं स्पष्ट विचारा. ही कीटकनाशकं झाडाच्या अंगात भिनतात, फुलाच्या मधापर्यंत पोचतात, आणि मग फुलपाखरांसाठी आणलेलं झाडच त्यांना विष पाजतं.

पुणे-नाशिककडच्या वाचकांनी हिचं बी मागवू नये. तिला खरा हिवाळा लागतो. तुमच्याकडे प्रेअरीचं एक फूल कधीच येऊन रुळलंय. दसऱ्याच्या बाजारात ढिगाने विकला जाणारा गलांडा हा मूळचा अमेरिकेच्या दक्षिण मैदानांतला आणि मेक्सिकोतला. १९८६ पासून तो ओक्लाहोमाचं राज्य रानफूल आहे. त्याला फ्रीज-बीज काही लागत नाही.

इकडे सोसायटीचे नियम हा एक प्रश्न उरतो. गवत अमुक इंचांच्या वर वाढू द्यायचं नाही, असे नियम बऱ्याच गावांत असतात आणि वाळलेले दांडे बघून तक्रार करणारा एक शेजारी प्रत्येक गल्लीत असतो. मेरीलँडने २०२१ मध्ये कायदा करून अशा बागांवर सरसकट बंदी घालायला गृहसंघटनांना मनाई केली. इतर ठिकाणी आपले नियम आधी वाचावेत. वाफ्याला विटांची कड आणि पुढे कापलेल्या हिरवळीची पट्टी असली की ते रान नाही, बाग आहे, हे बघणाऱ्याला कळतं.

शेंगा ऑक्टोबरपर्यंत वाळतात. आत एकावर एक रचलेलं तपकिरी बी आणि प्रत्येकाला रेशमी कापसाचा झुबका. दुसऱ्या महायुद्धात जपानने जावा घेतल्यावर लाइफ जॅकेटांत भरायचा कपोक, म्हणजे पांढऱ्या सावरीचा कापूस, अमेरिकेला मिळेना. तेव्हा मिल्कवीडचा हाच कापूस वापरला. शाळेतली मुलं रस्त्याकडेच्या शेंगा गोळा करायची, आणि दोन पोती शेंगांत एक जॅकेट भरायचं. तुम्हाला बी हवं असेल तर शेंग हिरवट-पिवळी असतानाच तिच्यावर सैल रबरबँड चढवा, म्हणजे ती तडकली तरी वारा बी नेणार नाही. शिवण बोटाने दाबली की उघडते आणि आतलं बी तपकिरी दिसतं, तेव्हा शेंग तोडा. कापसाचं टोक चिमटीत घट्ट धरा आणि दुसऱ्या हाताने बी खाली ओरबाडा. बी वाटीत पडतं, कापूस हातात राहतो. चिमूट सुटली तर तो सगळीकडे उडतो, म्हणून हे काम घरात, पंख्याखाली करू नका.